राजाच्या हातात नेमकं काय उरलं? नेपाळ, १९९० आणि २००६

तू विचारलंस ते थोडक्यात असं. १९९० च्या जनआंदोलनानंतर नेपाळचा राजा घटनात्मक झाला, हे पुस्तकात एका ओळीत येतं आणि आपण ते पाठ करतो. मग २००५ मध्ये त्याच गादीवरच्या राजानं पंतप्रधानाला घरी बसवून सगळा कारभार स्वतःकडे कसा घेतला? २००६ मध्ये लोक पुन्हा रस्त्यावर उतरले तेव्हा वेगळं काय घडलं, की दोन वर्षांत गादीच गेली? आणि १९९० ची क्रांती फसली असं म्हणायचं का?

संविधानाचा पेपर मी सत्तावीस वर्षं शिकवते आहे. 'घटनात्मक राजेशाही' हे शब्द मुलांच्या उत्तरपत्रिकेत दिसले की मी समासात चार प्रश्न लिहिते. सैन्य कोणाचा हुकूम मानतं? राजवाड्याचा खर्च कोण ठरवतं? कारभार अडला की कोणाच्या सहीनं सुटतो? आणि ही घटना दिली कोणी, राजानं की लोकांनी? १९९० च्या नेपाळला हे चार प्रश्न लावलेस की तुझ्या पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

आधी थोडं मागे जाऊ. १९५१ मध्ये राणांची, म्हणजे वंशपरंपरेनं पंतप्रधान होणाऱ्या घराण्याची, शंभर वर्षांची सत्ता संपली आणि राजा त्रिभुवन यांनी नेपाळी पंचांगातल्या ७ फाल्गुनला जाहीर केलं की लोकांनी निवडलेली संविधान सभा देशाची घटना लिहील. ती सभा भरलीच नाही. १९५९ मध्ये त्यांचे पुत्र महेंद्र यांनी स्वतःच घटना दिली. तिच्याखाली निवडणूक झाली, नेपाळी काँग्रेसला १०९ पैकी ७४ जागा मिळाल्या आणि बी. पी. कोइराला पंतप्रधान झाले. १५ डिसेंबर १९६० ला महेंद्र यांनी सैन्याच्या बळावर ते सरकार बरखास्त केलं, कोइरालांना अटक केली, पक्षांवर बंदी आणली. पुढची तीस वर्षं पंचायत व्यवस्था चालली. तिला नाव पंचायतीचं होतं, पक्षांना मात्र थारा नव्हता आणि सगळी सूत्रं नारायणहिटी राजवाड्यात होती. १९८० मध्ये राजा वीरेंद्र यांनी सार्वमत घेतलं आणि त्यात 'सुधारित' पंचायत जेमतेम पंचावन्न टक्क्यांनी तरली. म्हणजे बंदी असूनही पंचेचाळीस टक्के लोक बहुपक्षीय व्यवस्थेच्या बाजूनं उभे राहिले होते, हा आकडा लक्षात ठेव.

१९९० चं आंदोलन सुरू करायला नेत्यांनी दिवस निवडला तोही ७ फाल्गुनच, म्हणजे १८ फेब्रुवारी. आदल्या वर्षीच्या मार्चपासून भारताशी व्यापार व पारगमन कराराचा तिढा पडला होता, सीमेवरची बहुतेक नाकी बंद होती आणि रॉकेलसाठी रांगा लागत होत्या. नेपाळी काँग्रेस आणि डाव्या पक्षांची संयुक्त आघाडी पहिल्यांदाच एकत्र आली. काँग्रेसकडून गणेशमान सिंह, डाव्यांकडून साहना प्रधान. सुरुवातीला आंदोलन रेंगाळत होतं. मग संध्याकाळी ठरलेल्या वेळी घराघरांतले दिवे मालवायचे, असा निषेध सुरू झाला. संचारबंदीत घरात बसलेल्या माणसालाही त्यामुळे आंदोलनात भाग घेता येऊ लागला. अख्खं शहर काळोखात गेलं की आपल्यासारखे किती आहेत ते खिडकीतूनच दिसायचं. काठमांडूला लागून असलेल्या पाटणमध्ये लोकांनी वाटांवर खंदक खणून काही दिवस पोलिसांना शहरात येऊ दिलं नाही.

६ एप्रिलला वीरेंद्र यांनी पंतप्रधान बदलला आणि बोलणी करू म्हणाले. त्याच दुपारी प्रचंड जमाव दरबार मार्गाकडे निघाला. महेंद्र यांच्या पुतळ्यापाशी गोळीबार झाला, माणसं मेली. दोन दिवसांनी, ८ एप्रिलच्या रात्री, चार विरोधी नेते राजवाड्यात गेले आणि पक्षांवरची बंदी उठल्याचं दूरचित्रवाणीवर जाहीर झालं. संचारबंदी असूनही लोक नाचत बाहेर आले.

या रात्रीपाशी मी वर्गात नेहमी थांबते. रस्त्यानं राजाला वाकवलं होतं, पण राजवाड्यातल्या त्या बैठकीत लिहून काय मिळालं? पक्षांवरची बंदी उठली, एवढंच. सैन्याचं काय, घटना कोण लिहिणार, गोळीबाराचा जाब कोण देणार, यातलं काहीच त्या रात्री ठरलं नाही. लोक घरी गेले आणि वाटाघाटी आत चालू राहिल्या. मला त्या नेत्यांना दोष द्यायचा नाही. त्यांच्यातल्या कित्येकांनी वर्षानुवर्षं तुरुंगात काढली होती आणि आणखी रक्त सांडू नये असं त्यांना मनापासून वाटत होतं. पण पुढच्या सोळा वर्षांचं बीज त्या रात्रीच पडलं, असं माझं ठाम मत आहे.

नवी घटना लिहायला न्यायमूर्ती विश्वनाथ उपाध्याय यांच्या अध्यक्षतेखाली नऊ जणांचा आयोग नेमला गेला. काँग्रेसचे, डाव्यांचे आणि राजाच्या बाजूचे असे सगळे त्यात होते. मध्येच राजवाड्याकडून राजाला जास्त अधिकार देणारा वेगळा मसुदा पुढे आला, त्यावर एवढा गदारोळ झाला की तो मागे पडला. ९ नोव्हेंबर १९९० ला घटना लागू झाली. ती लागू केली वीरेंद्र यांनी, आपण वापरत आलेल्या राज्यसत्तेच्या अधिकारात, मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं आणि संमतीनं. प्रास्ताविकेतलं ते वाक्य वाच आणि मग कलम ३ वाच, जिथे सार्वभौमत्व नेपाळी जनतेचं आहे असं म्हटलंय. एकाच दस्तऐवजात मालक दोन. शांततेच्या काळात असं चालून जातं, कारण मालक कोण हे विचारायची वेळ येत नाही.

आता तुझा शेवटचा प्रश्न इथेच घेते, कारण त्याची जागा इथे आहे. १९९० फसलं का? मी तसं म्हणणार नाही. कलम ३५ नं राजाला मंत्रिमंडळाच्या शिफारशीनं, सल्ल्यानं आणि संमतीनंच चालायला बांधलं. तीनही शब्द मुद्दाम घातलेले होते. पक्षांवर बंदी घालणारा कायदा करणंच अशक्य केलं गेलं. २०५ जणांची प्रतिनिधी सभा, म्हणजे संसदेचं खालचं सभागृह, आली. मे १९९१ च्या निवडणुकीत काय झालं पाहा: हंगामी पंतप्रधान कृष्णप्रसाद भट्टराई, ज्यांच्या सरकारनं ही निवडणूक घेतली, ते स्वतः काठमांडूत मदन भंडारी या कम्युनिस्ट नेत्याकडून हरले. बहुमत मात्र त्यांच्या पक्षाला मिळालं आणि गिरिजाप्रसाद कोइराला पंतप्रधान झाले. ज्या देशात वर्षभरापूर्वी पक्षाचा झेंडा काढला तरी तुरुंग होता, तिथे खुर्चीवरचा पंतप्रधान आपल्या मतदारसंघात पडतो आणि निकाल मानून बाजूला होतो, हा बदल लहान नाही. १९९५ मध्ये पंतप्रधान मनमोहन अधिकारी यांच्या शिफारशीवरून विसर्जित झालेली सभा सर्वोच्च न्यायालयानं परत बसवली. सरन्यायाधीश होते तेच विश्वनाथ उपाध्याय. सरकारला कोर्टात खेचता येतं, ही सवय देशाला लागली, आणि पुढे २००६ मध्ये ती कामी आली.

आता काय काय राहून गेलं ते पाहू.

राजवाड्याच्या खर्चाचं सोपं आहे, ते पटकन सांगते. खर्च कायद्यानं ठरेल असं घटनेत होतं, पण आहे त्यापेक्षा तो कमी करणारा कायदा मात्र करता येणार नाही, असं लगेच पुढे होतं. राजाच्या उत्पन्नाला आणि मालमत्तेला कर नाही. त्याच्या कृतीबद्दल कोर्टात प्रश्न नाही. वारसा हक्काचा कायदा करणं आणि बदलणं हा फक्त राजाचा अधिकार, म्हणजे पुढचा राजा कोण याबद्दल संसदेनं तोंड उघडायचं नाही.

सैन्याचं प्रकरण गुंतागुंतीचं आहे. कागदावर, म्हणजे कलम ११८ मध्ये, पंतप्रधान, संरक्षणमंत्री आणि सेनापती यांची राष्ट्रीय संरक्षण परिषद होती आणि तिच्या शिफारशीवरूनच राजानं सैन्य वापरायचं होतं. पण सर्वोच्च सेनाधिपती राजा, सैन्याचं नाव शाही नेपाळी सेना, आणि अधिकारी पिढ्यान्‌पिढ्या राजवाड्याशी बांधलेल्या घराण्यांतले. फेब्रुवारी १९९६ पासून माओवाद्यांचं सशस्त्र बंड सुरू झालं. जुलै २००१ मध्ये रोल्पा जिल्ह्यातल्या होलेरी इथून माओवाद्यांनी पोलिसांना धरून नेलं, तेव्हा पंतप्रधान गिरिजाप्रसाद कोइराला यांनी सैन्य पाठवलं. सैन्य त्या भागात पोहोचलं, पण लढलं नाही. काही दिवसांत कोइरालांनी राजीनामा दिला. लोकांनी निवडलेला पंतप्रधान हुकूम देतो आणि तो हुकूम वाटेतच विरतो, हे साऱ्या देशानं पाहिलं. कलम ११८ मध्ये काय लिहिलंय याला त्या दिवसानंतर फारसा अर्थ उरला नव्हता. त्याच्या दीड महिना आधी, १ जूनला, राजवाड्यातल्या हत्याकांडात वीरेंद्र आणि त्यांचं कुटुंब संपलं होतं आणि त्यांचे भाऊ ज्ञानेंद्र गादीवर आले होते.

आणि आता ते कलम, ज्यावर मी एक अख्खं लेक्चर घालवते. कलम १२७. नेपाळीत त्याला 'बाधा अड्काउ फुकाउने' अधिकार म्हणतात, म्हणजे अडथळा दूर करण्याचा अधिकार. ही घटना अमलात आणताना काही अडचण आली तर राजा ती दूर करण्यासाठी आवश्यक ते आदेश काढील आणि ते आदेश संसदेपुढे ठेवले जातील. वाचायला किती निरुपद्रवी वाटतं! अशी तरतूद आपल्या घटनेतही आहे, कलम ३९२. तिथेही राष्ट्रपतींना अडचणी दूर करण्यासाठी आदेश काढता येत होते. पण आपल्याकडच्या कलमात एक परंतुक आहे: नव्या घटनेनुसार रीतसर बनलेली संसद पहिल्यांदा भरली, की त्यानंतर असा एकही आदेश काढता येणार नाही. संक्रमणाच्या काळासाठी दिलेली किल्ली संक्रमण संपताच मोडून टाकली. नेपाळच्या १२७ ला अशी मुदतच नव्हती. किल्ली तशीच खुंटीला लटकत राहिली.

ती खाली कशी आली ते बघ. मे २००२ मध्ये पंतप्रधान शेरबहादुर देउबा यांच्या शिफारशीवरून प्रतिनिधी सभा विसर्जित झाली. जुलैमध्ये गावपातळीवरच्या संस्थांची मुदत संपली आणि ती वाढवली गेली नाही. निवडणूक नोव्हेंबरमध्ये होती. बंडाळीमुळे ती घेणं शक्य नाही, पुढे ढकलू, असं देउबांनी राजाला सांगितलं. ४ ऑक्टोबर २००२ ला ज्ञानेंद्र यांनी त्यांना अकार्यक्षम ठरवून काढलं आणि आधार दिला कलम १२७ चा. सभा नाही, निवडणूक होत नाही, म्हणजे अडचण आली. अडचण आली म्हणजे आदेश काढता येतो. आणि आदेश संसदेपुढे ठेवायचा, तर संसद कुठे आहे? ज्या अडचणीनं त्याला अधिकार मिळाला, तिनंच त्याच्यावरचा लगाम काढून घेतला. मुलांना मी कलम फळ्यावर लिहायला लावते आणि 'संसदेपुढे' या शब्दावर हात ठेवायला सांगते. तो शब्द झाकला की उरतं ते एका माणसाचं राज्य.

यात राजाचा डाव होता, तसा पक्षांचाही वाटा होता. सभा विसर्जित करायची शिफारस निवडून आलेल्या पंतप्रधानानंच केली होती. बारा वर्षांत सरकारं पडत राहिली, पक्ष फुटत राहिले, आणि दूरच्या जिल्ह्यांत राज्य पोहोचलं ते बहुतेकदा पोलिसांच्या रूपात. त्यामुळे ऑक्टोबर २००२ मध्ये राजाविरुद्ध काठमांडू लगेच पेटलं नाही. बऱ्याच लोकांना वाटलं, बघू या हा काय करतो ते.

त्यानं एकामागून एक तीन पंतप्रधान नेमले. १ फेब्रुवारी २००५ ला सकाळी दूरचित्रवाणीवर येऊन त्यातल्या तिसऱ्याला, पुन्हा देउबांनाच, काढलं, आणीबाणी लावली आणि मंत्रिमंडळाचं अध्यक्षपद स्वतःकडे घेतलं. देशभरातले फोन बंद झाले. वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत सैनिक जाऊन बसले. एफएम केंद्रांना बातम्या द्यायला मनाई झाली. भ्रष्टाचार निर्मूलनाच्या नावाखाली एक शाही आयोग नेमला, जो तपासही करायचा आणि शिक्षाही द्यायचा. आणीबाणी उठल्यावर तो आयोग चालू ठेवायला आधार कुठला घेतला? पुन्हा १२७. देउबांना त्या आयोगानं तुरुंगात घातलं. १३ फेब्रुवारी २००६ ला सर्वोच्च न्यायालयानं आयोगच घटनाबाह्य ठरवला आणि देउबा सुटले. राजाच्या राज्यात बसून कोर्टानं राजाचा आयोग मोडला. १९९० नं दिलेलं सगळं वाया गेलं नव्हतं, असं मी म्हणते ते या निकालासाठी.

दरम्यान, नोव्हेंबर २००५ मध्ये सात पक्षांची आघाडी आणि माओवादी यांच्यात दिल्लीत बारा मुद्द्यांचा समझोता झाला. माओवाद्यांनी बहुपक्षीय लोकशाही मान्य केली आणि पक्षांनी संविधान सभेची मागणी मान्य केली. ६ एप्रिल २००६ ला बंद सुरू झाला. सोळा वर्षांपूर्वी ज्या तारखेला दरबार मार्गावर गोळ्या चालल्या, तीच ही तारीख.

ते एकोणीस दिवस १९९० सारखे नव्हते. १९९० चा भर खोऱ्यातल्या शहरांवर होता, यावेळी जिल्ह्याजिल्ह्यांत मोर्चे निघाले. शहरात संचारबंदी असल्यामुळे लोक काठमांडूभोवतीच्या रिंग रोडवर जमायचे. कलंकी, गोंगबू, चाबहिल या नाक्यांवर टायर जळत असायचे. डॉक्टर, वकील, प्राध्यापक, पत्रकार आपापल्या संघटनांचे फलक घेऊन आले, सरकारी कचेऱ्यांतले कर्मचारी आले, अगदी गृह मंत्रालयातले कर्मचारीही. घोषणा होती 'ज्ञाने चोर, देश छोड'. मराठी माणसाला तिचा अर्थ सांगावा लागत नाही. ज्या राजाला लोक विष्णूचा अवतार मानत, त्याचं नाव असं तोडून हजारोंच्या तोंडी आलं. कायद्याच्या पुस्तकात याची नोंद कुठेच नसते, पण राजाच्या अंगावरचं एक वस्त्र तेव्हाच उतरलं होतं.

२१ एप्रिलचा दिवस नीट समजून घे, तुझ्या प्रश्नाचा गाभा तिथे आहे. ज्ञानेंद्र यांनी भाषण केलं: कार्यकारी सत्ता मी लोकांना परत करतो, सात पक्षांनी पंतप्रधानपदासाठी नाव सुचवावं, सरकार १९९० च्या घटनेप्रमाणे चालेल. दिल्लीसह बाहेरच्या राजधान्यांनी त्या भाषणाचं स्वागतही केलं. वरवर पाहिलं तर आंदोलन जिंकलं होतं. १९९० मध्ये याहून कमी मिळालं तेव्हा लोक नाचले होते. पण आता समासातले चार प्रश्न लाव. सैन्य? राजाचंच. खर्च? जसाच्या तसा. १२७? जागेवर. घटना कोणी दिली? राजानं दिलेली तीच. म्हणजे हातात पडत होतं ४ ऑक्टोबर २००२ च्या आदल्या दिवसाचं नेपाळ. रिंग रोडवरच्या लोकांनी ते ओळखलं आणि नेत्यांनी घरी जायला सांगण्याआधीच ठरवून टाकलं की हलायचं नाही. दुसऱ्या दिवशी गर्दी आणखी वाढली. सात पक्षांनी देकार नाकारला. माझ्या मते या क्रांतीतला सगळ्यात मोठा राजकीय निर्णय हाच, आणि तो रस्त्यावर झाला.

२४ एप्रिलला रात्री उशिरा राजानं विसर्जित झालेली प्रतिनिधी सभा पुन्हा जिवंत केली. गिरिजाप्रसाद कोइराला आजारी होते, वय ऐंशीच्या घरात, तरी पंतप्रधान झाले. आणि १८ मे २००६ ला सभेनं एक घोषणा मंजूर केली.

कायद्याच्या विद्यार्थ्यानं ती घोषणा शब्दशः वाचावी. 'श्री ५ को सरकार', म्हणजे महाराजांचं सरकार, हे नाव गेलं, 'नेपाल सरकार' आलं. शाही नेपाळी सेना नेपाळी सेना झाली. सर्वोच्च सेनाधिपती हे राजाचं पद रद्द. सेनापती मंत्रिमंडळ नेमणार. राजपरिषद, म्हणजे राजाचं सल्लागार मंडळ, रद्द. गादीच्या वारशाचा कायदा प्रतिनिधी सभा करणार. राजाचा खर्च आणि सोयीसवलती सभा ठरवणार, त्याच्या खासगी मालमत्तेला आणि उत्पन्नाला कर लागणार. राजाच्या कृतीबद्दल सभेत आणि न्यायालयात प्रश्न विचारता येणार. देश धर्मनिरपेक्ष. १९९० मध्ये सुटलेली एकेक किल्ली नाव घेऊन काढून घेतली.

आणि हे सगळं कोणत्या अधिकारात? हा प्रश्न वर्गातला एखादा हुशार मुलगा हमखास विचारतो, आणि विचारायलाच हवा. १९९० ची घटना बदलायची तर कलम ११६ होतं: दोन तृतीयांश बहुमत हवं आणि प्रास्ताविकेच्या गाभ्याला धक्का लावता येत नाही. राजेशाही प्रास्ताविकेतच होती. शिवाय राजाची संमती हवी. सभेनं यातलं काहीच केलं नाही. ही सभा १९९९ मध्ये निवडलेली, म्हणजे तिची पाच वर्षांची मुदतही संपलेली. तिनं जाहीर केलं की सत्तेचा उगम जनआंदोलन आहे आणि घटनेतलं जे जे या घोषणेशी विसंगत असेल ते ते रद्द. जुन्या घटनेच्या नियमांनी हे बसत नाही. संविधानाच्या अभ्यासात क्रांती म्हणतात ती हीच: कायद्याची साखळी तुटते आणि नवी साखळी वेगळ्या खुंटीला अडकवली जाते. १९९० मध्ये साखळी तुटली नव्हती, राजाच्या हातातूनच पुढे आली होती, म्हणून ती परत ओढता आली.

यातली जोखीमही सांगते. साखळी तोडणारं प्रत्येक सभागृह लोकशाहीवादी असतंच असं नाही. २००६ मध्ये ते निभावलं, कारण लोक रस्त्यावरून घरी गेल्यावरही सगळे पक्ष लगेच निवडणुकीला बांधले गेले होते. सभेनं ताकद घेतली ती संविधान सभेच्या हवाली करण्यासाठी. जानेवारी २००७ च्या अंतरिम घटनेनं राजाकडे कारभाराचा एकही अधिकार ठेवला नाही, राष्ट्रप्रमुखाची कामंसुद्धा पंतप्रधान करू लागले. राजेशाही ठेवायची की नाही हे संविधान सभा पहिल्या बैठकीत ठरवील, असं त्यात लिहिलं.

त्या मधल्या काळातली एक वस्तू माझ्याकडे आहे. काठमांडूला एका परिसंवादाला गेले होते तेव्हा सुट्ट्या पैशांत पाचशेची एक नोट आली. राजाच्या चित्राच्या जागी एव्हरेस्ट छापलेलं. पण नोटेचा कागद आधीच तयार झालेला होता आणि त्यात राजाचा जलचिन्हाचा चेहरा होता. तो झाकायला त्या जागेवर लालीगुराँसचं फूल छापलंय. नोट उजेडासमोर धरली की फुलामागून मुकुट घातलेला चेहरा अंधुक दिसतो. वर्गात ती नोट फिरवते. मुलं खिडकीशी जाऊन उजेडात धरतात आणि एकमेकांना दाखवतात. जुनी राज्ययंत्रणा नव्या नावानं चालू राहते म्हणजे काय, हे त्या एका नोटेइतकं स्पष्ट मला शब्दांत सांगता आलेलं नाही. तेच सैन्य, त्याच कचेऱ्या, तोच कागद. बदलला तो वरचा हुकूम, आणि खालचं बदलायला वर्षं लागतात.

अधूनमधून काठमांडूत 'राजा परत आणा' म्हणत मोर्चे निघतात, त्यांचा उल्लेखही तू केला आहेस. सरकारांबद्दलचा लोकांचा राग खरा आहे. पण त्या मागणीपुढेही हेच चार प्रश्न ठेवून बघ. कोणता राजा? १९६० चा, १९९० चा, की १८ मे २००६ नंतरचा? तिघांच्या हातात अगदी वेगवेगळ्या गोष्टी होत्या.

१० एप्रिल २००८ ला निवडणूक झाली. ६०१ जणांची संविधान सभा, त्यात १९७ स्त्रिया, आणि आजवर काठमांडूच्या सत्तेत ज्यांना कोणी विचारलं नव्हतं असे तराईतले, जनजातींतले, दलित समाजातले सभासद. सर्वात मोठा पक्ष माओवाद्यांचा. नवी घटना लिहायला त्यांना आणि त्यांच्यानंतरच्या दुसऱ्या सभेला मिळून २०१५ उजाडलं. पण पहिल्याच बैठकीत, २८ मे २००८ च्या रात्री, राजेशाही संपवण्याचा ठराव ५६० विरुद्ध ४ मतांनी मंजूर झाला. बैठक भरली होती त्या सभागृहाला वीरेंद्र यांचंच नाव होतं. त्रिभुवन यांनी १९५१ च्या ७ फाल्गुनला कबूल केलेली सभा ती हीच, सत्तावन्न वर्षांनी भरलेली.

ज्ञानेंद्र यांना राजवाडा सोडायला पंधरा दिवस दिले होते. ११ जूनला त्यांनी राजवाड्यातच पत्रकारांना बोलावलं, मुकुट आणि राजदंड सरकारच्या स्वाधीन केल्याचं सांगितलं, देश सोडणार नाही म्हणाले आणि रात्री गाडीनं नागार्जुनच्या जंगलातल्या बंगल्यावर राहायला गेले. राजवाड्याच्या आवारातच राहायची मुभा सरकारनं त्यांच्या सावत्र आईला दिली होती. राणी रत्ना, महेंद्र यांच्या पत्नी. डिसेंबर १९६० मध्ये महेंद्र यांनी पहिलं निवडून आलेलं सरकार बरखास्त केलं तेव्हा त्या नेपाळच्या राणी होत्या.